ख्रिस्तपुराणकर्ते फादर थॉमस स्टीफन्स

ज्युबिलीच्या ह्या स्मरणपुस्तिकेसाठीं कोणा थोर पुरुषाचें चरित्र द्यावें असा विचार चालला असतां मंडळींनीं आम्हांस दोनतीन संतांचीं नांवें सुचविलीं. तीं सर्व वंदनीयच होतीं. परंतु गेल्या वैशाखांतील एक लहानसा प्रसंग आमच्या मनांतून जाईना. त्यामुळें ज्यांस ख्रिस्तसभेनें संतपद दिलेलें नाहीं अशा एका पाद्रीबोवांचें चरित्र आम्हीं लिहावयास घेतलें.

कुर्डुवाडीचा उन्हाळा वाचकांस वर्णन करून सांगावयास नको. शाळांस सुटी लागली म्हणजे आमच्या धर्मग्रामांतील बालकांची उन्हाळी शाळा भरूं लागते. आठवड्याचे दिवस सकाळीं मिस्सा झाल्यावर ऊन चढेपर्यंत प्रार्थना, पवित्र शास्त्रांतील गोष्टी, गायन व थोडें मराठी वाचन चालतें; रविवारीं मात्र दुपार कलल्यावर मुलें पुन्हा जमतात. अशाच एका वर्गांत सातआठ वर्षांच्या एका मुलीस आम्हीं विश्वासांगीकार म्हणावयास सांगितला. तिनें तो एकही अक्षर न चुकतां म्हटला. मग त्यांतील एका शब्दाचा अर्थ विचारला तेव्हां ती गप्प राहिली, आणि थोड्या वेळानें तिनेंच आम्हांस विचारलें कीं, हें सगळें गोष्टीसारखें कां सांगत नाहीं? वर्ग हंसला, आम्हांसही हंसूं आलें. पण त्या रात्रीं अंगणांत बाज टाकून पडलों असतां आठवलें कीं, फार दिवसांपूर्वीं गोमंतकांतील एका वर्गांत हाच प्रश्न एका प्रौढ गृहस्थानें आपल्या गुरूस केला होता, व त्या प्रश्नाच्या उत्तरांतून मराठींतला एक मोठा ग्रंथ जन्मास आला. ते गुरु म्हणजेच फादर थॉमस स्टीफन्स.

त्यांचा जन्म १५४९ सालीं इंग्लंडांत विल्टशायर परगण्यांतील बुश्टन ह्या गांवीं झाला. वडील व्यापारी होते. तो काळ इंग्लंडांतील कॅथोलिकांस मोठा कठीण होता. एलिझाबेथ राणीच्या राज्यांत मिस्सा करणें हा अपराध ठरला होता, व जुन्या श्रद्धेचीं पुस्तकें घरांत सांपडलीं तर घरधन्यावर संकट येई. तरुण थॉमस हे थॉमस पाउंड नामक एका कॅथोलिक गृहस्थाच्या सहवासांत राहिले. दोघांनीं मिळून रोमेस जावें व येशूसंघांत प्रवेश करावा असा बेत होता. परंतु पाउंड पकडले गेले व पुढें त्यांचीं अनेक वर्षें तुरुंगांत गेलीं. स्टीफन्स निसटले आणि १५७५ च्या ऑक्टोबरांत रोम येथें येशूसंघाच्या नवशिक्यांत दाखल झाले. त्याच संघांतील त्यांचे देशबंधु एडमंड कँपियन हे १५८१ सालीं लंडनांत फांसावर गेले, हें लक्षांत घेतलें म्हणजे स्टीफन्स कोणत्या वाटेनें चालले होते तें समजेल.

संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या कार्याची ओढ त्यांस पूर्वेकडे घेऊन आली. १५७९ च्या एप्रिलांत लिस्बन सोडलेलें त्यांचें गलबत २४ ऑक्टोबर रोजीं गोव्यास लागलें. सहा महिन्यांहून अधिक काळ पाण्यावर काढल्यावर पंधरवड्यानें त्यांनीं वडिलांस एक लांब पत्र लिहिलें. वाटेंत दिसलेले पक्षी व मासे, वारा पडला म्हणजे होणारे हाल, हिरड्या सुजून खलाशांस येणारें दुखणें, हें सर्व त्यांत आहे. पुढें हॅक्लूट ह्या संग्राहकानें तें आपल्या प्रवासवर्णनांच्या ग्रंथांत छापलें. हिंदुस्थानांत येऊन स्थायिक झालेले पहिले इंग्रज म्हणून इतिहासकार त्यांचें नांव घेतात. १५८३ च्या अखेरीस राल्फ फिच प्रभृति चार इंग्रज गोव्याच्या तुरुंगांत पडले असतां त्यांच्या सुटकेसाठीं खटपट करणारांत हेच होते. परंतु ही कीर्ति इंग्रजी इतिहासाची. आम्हांस त्यांची ओळख निराळ्या कारणासाठीं हवी आहे.

गोव्यास आल्यावर लवकरच त्यांस गुरुदीक्षा मिळाली व साष्टी प्रांतांत त्यांची नेमणूक झाली. मडगांव, राशोल व आसपासचीं गांवें ह्यांतच त्यांचें बहुतेक सर्व आयुष्य गेलें. तेथें त्यांस प्रथम काय पाहावें लागलें? १५८३ च्या जुलै महिन्यांत कुंकळ्ळी येथें रुडॉल्फ अक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. त्यांचे देह मिळवून आणण्याचें काम फादर स्टीफन्स ह्यांच्याकडे आलें. ह्या पांच जणांस १८९३ सालीं धन्यवादित पद मिळालें व आपण त्यांचें स्मरण करतों. परंतु पोर्तुगीज सत्तेनें पुढें तेथील गांवकऱ्यांस बोलणीं करण्याच्या मिषानें असोळणें येथील किल्ल्यांत बोलावून ठार केलें, हेंही त्याच इतिहासांत लिहिलेलें आहे. तें गाळून हें चरित्र सांगणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. साष्टींत देवळें पाडलीं गेलीं होतीं व नव्या ख्रिस्ती लोकांस आपल्या पूर्वजांचीं पुराणें जवळ ठेवण्याची मनाई होती. ज्या पुरुषाच्या मायदेशीं त्याचींच धर्मपुस्तकें निषिद्ध ठरलीं होतीं, तो पुरुष दुसऱ्या देशीं अशा सत्तेच्या छत्राखालीं आला कीं जी दुसऱ्यांचीं पुस्तकें निषिद्ध ठरवीत होती. ह्याचें त्यांस मनांतून काय वाटलें असेल तें त्यांनीं कोठें लिहून ठेविलेलें आमच्या वाचनांत नाहीं. त्यांनीं काय केलें तें मात्र सर्वांपुढें आहे.

त्यांनीं प्रथम भाषा शिकली. आल्यापासून चार वर्षांनीं, १५८३ सालीं, त्यांनीं आपल्या भावास लिहिलें कीं, ह्या देशांतील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन ह्या भाषांसारखी दिसते. विल्यम जोन्स ह्यांनीं कलकत्त्यास संस्कृताविषयीं असाच विचार मांडला तो १७८६ सालीं, म्हणजे दोनशें वर्षांनीं. स्टीफन्स ह्यांस ही गोष्ट मोठ्या ग्रंथालयांत उमगली नाहीं. ती साष्टींतील लोकांशीं बोलतां बोलतां उमगली.

त्या काळीं चर्चच्या आश्रयानें मुलांची शाळा भरे. लहान घंटा वाजवून मुलें गोळा करावयाचीं व प्रार्थना, दहा आज्ञा आणि विश्वासांगीकार हीं त्यांच्याकडून सुरांत म्हणवून घ्यावयाचीं, ही संत झेवियर ह्यांनीं घालून दिलेली पद्धति होती. ह्या शिक्षणास गोव्याकडे आजही दोत्रीन म्हणतात. तिच्यांत एक उणीव होती, आणि ती आमच्याही शाळेंत आहे हें आम्ही कबूल करतों. मुलांस पाठ होई, पण रंग चढत नसे. पुराण ऐकावयाचें, तें घरीं येऊन पुन्हा सांगावयाचें, त्यांतील ओंव्या जात्यावर म्हणावयाच्या, ही ज्यांच्या रक्तांतली संवय, त्यांच्या घरांत अकस्मात् शांतता पसरली होती. जुनें गेलें होतें आणि त्याच्या जागीं प्रश्नोत्तरांखेरीज कांहीं आलें नव्हतें.

ख्रिस्तपुराणाच्या आरंभीं स्टीफन्स ह्यांनीं जो प्रसंग घातला आहे तो ह्याच शाळेंतला. साष्टींत देवमंदिरांत मुलांस ख्रिस्तशिक्षण चाललें असतां एक ब्राह्मण पुढें होतो आणि नम्रपणें गुरूस सांगतो कीं, आपण शिकवितां तें उत्तम आहे. परंतु आमचीं पूर्वीचीं पुराणें आपण वर्ज्य केलीं, तर मग त्यांच्या ऐवजीं दुसरें एखादें पुराण आम्हांस वाचावयास कां देत नाहीं? कित्येक अभ्यासकांच्या मतें ही काव्यांतील योजना असेल. असो. एवढें खरें कीं, लेखकानें हा प्रश्न स्वतःच्या तोंडीं घातला नाहीं. ज्याचें कांहीं हरवलें होतें त्याच्या तोंडीं घातला, व त्याला रागें न भरतां त्याचें म्हणणें रास्त मानलें. आमच्या वर्गांत प्रश्न विचारणाऱ्या मुलास गप्प बसविण्याचा मोह आम्हांस किती वेळां होतो तें आमचें आम्हांस ठाऊक आहे.

हें पुराण त्यांनीं ओंवींत रचलें. आपण कुर्डुवाडीकर, आषाढी-कार्तिकीस पंढरपूरची वाट आपल्या गांवावरून जाते. ओंवी म्हणजे काय तें आपल्या लोकांस शिकवावें लागत नाहीं. ज्ञानेश्वरांची ओंवी तर सर्वश्रुत आहे, आणि पैठणचे एकनाथमहाराज, ज्यांनीं १५७३ सालीं आपलें भागवत काशीस पुरें केलें, ते स्टीफन्स ह्यांचे समकालीनच होत. विल्टशायरच्या ह्या पाद्रीबोवांनीं त्याच छंदांत आदाम-एवेपासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा सुमारें ११ हजार ओंव्यांत सांगितली. पहिल्या पुराणांत ३६ अवस्वर व दुसऱ्यांत ५९. अवस्वर म्हणजे अध्याय. पहिल्यांत जुन्या कराराची व दुसऱ्यांत ख्रिस्ताची कथा आहे. शुद्ध मराठी सामान्य लोकांस कठीण जाईल म्हणून तींत कोंकणीचे सोपे शब्द मिसळले असें त्यांनीं स्वतः प्रस्तावनेंत नमूद केलें आहे. मराठी भाषेची त्यांनीं केलेली स्तुति प्रसिद्धच आहे. परंतु हा कबुलीजबाब आम्हांस अधिक प्रिय वाटतो, कारण त्यांत शिक्षक दिसतो.

ग्रंथ देवनागरींत छापावा अशी त्यांची इच्छा होती. १६०८ सालीं त्यांनीं रोम येथील आपल्या संघाच्या मुख्यांस ह्याविषयीं पत्र लिहिलें. अडचण अशी होती कीं, युरोपांतील लिपीस चोवीस अक्षरांचे ठसे पुरत. येथें व्यंजनास स्वर जोडून होणाऱ्या अक्षरांसाठीं सुमारें ६०० ठसे ओतावे लागले असते. तें साधलें नाहीं. अखेर १६१६ सालीं राशोलच्या येशूसंघीय विद्यालयांत हें मराठी पुराण रोमन अक्षरांत छापून निघालें. रविवारीं व सणाच्या दिवशीं, ख्रिस्तशिक्षण आटोपल्यावर, तें लोकांस वाचून दाखवीत. म्हणजे त्या ब्राह्मणाच्या प्रश्नाचें उत्तर ज्या वर्गांत प्रश्न निघाला त्याच वर्गांत परत आलें.

मुलांसाठीं त्यांनीं आणखी एक पुस्तक सिद्ध केलें होतें. गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपानें ख्रिस्तशिक्षण देणारें तें कोंकणी पुस्तक त्यांच्या मरणानंतर १६२२ सालीं राशोल येथें निघालें. त्यांनीं लिहिलेलें कोंकणीचें व्याकरण फादर दियोगु रिबेरु ह्यांनीं वाढविलें व तें १६४० सालीं प्रसिद्ध झालें. छापून निघालेलें हिंदी भाषांपैकीं एखाद्या भाषेचें हें पहिलें व्याकरण मानतात. फादर स्टीफन्स १६१९ सालीं गोव्यास निवर्तले. चाळीस वर्षांहून अधिक काळापूर्वीं सोडलेल्या मायदेशीं ते पुन्हा कधीं गेले नाहींत.

पुराणाचें पुढें काय झालें तें सांगितल्याशिवाय चरित्र पुरें होत नाहीं. १६४९ व १६५४ सालीं तें पुन्हा छापलें गेलें. पण ह्या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत आज ज्ञात नाहीं. १६८४ च्या जूनमध्यें गोव्याच्या विसुरेईनें हुकूम काढला कीं, लोकांनीं तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावें. ज्या भाषेंत पाद्रीबोवांनीं चाळीस वर्षें मुलें शिकविलीं, तिच्यावर त्यांच्याच धर्माच्या राज्यकर्त्यांनीं कुऱ्हाड घातली. तरीही ग्रंथ मेला नाहीं. गोमंतकांतील व मंगळुराकडील ख्रिस्ती कुटुंबांनीं हातानें नकला करून तो जपला, आणि त्या नकलांवरून जोसेफ सालडाणा ह्यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें तो रोमन लिपींत छापला. देवनागरींत तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आला, म्हणजे ज्या अक्षरांसाठीं लेखकानें १६०८ सालीं पत्र लिहिलें तीं अक्षरें त्याच्या ग्रंथास साडेतीनशें वर्षांनंतर मिळालीं. आमची गोष्ट विचाराल तर तत्त्वज्ञान व ईशज्ञान ह्यांचा अभ्यास संपवून, दीक्षा घेऊन, पस्तिशी उलटल्यावर आम्हीं हें पुराण प्रथम हातीं घेतलें. ह्याची लाज आम्हांस अजून वाटते.

आमच्या धर्मग्रामांतील पुष्कळ मुलें आतां इंग्रजी शाळांत जातात. त्यांस मराठी बोलतां येतें, पण वाचतांना तीं अडखळतात. कांहीं पालकांनीं सुचविलें कीं, ख्रिस्तशिक्षणही इंग्रजींत घ्यावें. मुलांस सोपें जाईल. त्यांचा हेतु चांगला आहे. आम्हीं त्यांस इतकेंच सांगितलें कीं, एक उन्हाळा आमचें ऐकावें. त्याप्रमाणें यंदाच्या वैशाखांत रविवारच्या वर्गांत आम्हीं प्रश्नोत्तरें अर्ध्या तासांत संपवूं लागलों, आणि पुढचा अर्धा तास ख्रिस्तपुराणाचा. कठीण शब्द आम्ही आधीं सोपे करून ठेवतों, आणि ओंवी मुलें आपल्या आज्यांच्या चालीवर म्हणतात. पहिल्या रविवारीं बारा मुलें होतीं. तिसऱ्या रविवारीं चारपांच आज्या आपण होऊन येऊन मागच्या सतरंजीवर बसल्या, व चाल चुकली कीं त्या मुलांस थांबवूं लागल्या. विश्वासांगीकार अडून राहिलेली ती मुलगी आतां पुढच्या ओळींत बसते. शाळा संपतांना आम्ही काना गांवच्या लग्नापर्यंत आलों होतों. रांजणांत पाणी भरून झालें होतें, आणि पुढचें नाताळच्या सुटींत वाचावयाचें ठरलें आहे.