प्रजासत्ताकाचा सेनापती

‘थ्री मस्केटिअर्स’ आणि ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ या कादंबऱ्यांमुळे अलेक्झांडर ड्यूमा हे नाव मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. त्याचा बाप फ्रेंच राज्यक्रांतीच्या फौजांत सेनापती होता आणि तो गुलाम स्त्रीच्या पोटी जन्मला होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. साधा शिपाई म्हणून भरती झालेला हा माणूस सात वर्षांत जनरल झाला. त्यानंतरच्या नऊ वर्षांत फ्रान्सला तो नकोसा झाला.

आज हैती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सेंट डोमिंग या फ्रेंच वसाहतीत, जेरेमी या गावी २५ मार्च १७६२ रोजी त्याचा जन्म झाला. बाप नॉर्मंडीतल्या दे ला पायेतरी या उमराव घराण्यातला, पण कफल्लक. आई मारी-सेसेत ही त्याचीच गुलाम. वडिलोपार्जित मिळकतीवर हक्क सांगायला बापाला मायदेशी परतायचे होते. जहाजाच्या भाड्यासाठी त्याने या मुलाला पुढे सोडवून घेण्याच्या बोलीवर विकले. भांडे गहाण टाकावे, तशातलाच हा प्रकार. मिळकत हाती आल्यावर त्याने बोली पाळली आणि १७७६ मध्ये मुलगा फ्रान्सला पोहोचला. पुढली दहा वर्षे तो उमरावपुत्रासारखा राहिला. तलवारबाजी आणि घोडेस्वारीत तरबेज झाला. १७८६ मध्ये म्हाताऱ्या बापाने घरकाम पाहणाऱ्या बाईशी लग्न केले आणि पैशाचा ओघ आटला. मुलाने घोडदळात शिपाई होण्याचे ठरविले. खालच्या हुद्द्यावर घराण्याचे नाव लावायचे नाही, असे बापाने बजावले. मुलाने आईचे नाव लावले. पंधरवड्याच्या आतच बाप वारला.

क्रांती झाली नसती, तर हा ड्यूमा बहुधा शिपाईच राहिला असता. १७८९ मध्ये त्याची पलटण बंदोबस्तासाठी व्हिलेर-कॉतरे या गावी आली. तिथल्या खानावळवाल्याच्या मुलीशी त्याचे सूत जुळले. जावई निदान सार्जंट तरी व्हावा, एवढीच सासऱ्याची अट होती. नोव्हेंबर १७९२ मध्ये लग्न लागले, तेव्हा तो लेफ्टनंट कर्नल झालेला होता. उमराव अधिकारी देश सोडून पळत होते, सरहद्दीवर युद्ध पेटले होते आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्वतंत्र कृष्णवर्णीयांना समान हक्क देणारा कायदा झाला होता. या तिन्ही गोष्टी त्याच्या पथ्यावर पडल्या. सप्टेंबर १७९३ मध्ये तो डिव्हिजनचा जनरल झाला.

तो काळ सेनापतींना सुखाचा नव्हता. हरलेल्या सेनापतीची मान गिलोटिनखाली जाई; जिंकलेल्याचीही शाश्वती नसे. बेयॉन येथे त्याच्या खिडकीसमोरच गिलोटिन होते. वध पाहायला खिडकीत न येता त्याने पडदे ओढून घेतले, म्हणून लोक त्याला ‘माणुसकीवाले महाशय’ म्हणून हिणवू लागले. आल्प्स पर्वतात त्याने १७९४ च्या वसंतात बर्फातून चढाई करून प्रथम लिटल सेंट बर्नार्ड आणि नंतर माँ सेनी ही खिंड घेतली. तरीही पॅरिसहून चौकशीचे बोलावणे आलेच. जुलैमध्ये खुद्द रोबेस्पिएरच पडला आणि ते प्रकरण मिटले. त्यानंतर व्हाँदे प्रांतातल्या बंडाळीवर त्याला धाडण्यात आले, तेव्हा आपल्याच फौजेची लूटमार आणि बेशिस्त त्याने अहवालात स्पष्ट नोंदविली. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला हा प्रसंग एखाद्या लढाईइतकाच मोलाचा आहे.

पुढे तो इटलीत नेपोलियनच्या हाताखाली आला. मान्तुआच्या वेढ्यात त्याच्या माणसांनी एक हेर पकडला. झडतीत काही सापडेना. हेराने चिठ्ठी गिळली असावी, हे ड्यूमाने ओळखले आणि रेचक देऊन ती बाहेर काढविली! ऑस्ट्रियन सेनापतीने वेढ्यातल्या किल्लेदाराला पाठविलेला तो निरोप होता. जानेवारी १७९७ च्या लढाईत ड्यूमाने निकराने तोंड दिले. पण बर्थिएच्या अहवालात तो नुसता निरीक्षणावर होता, अशी नोंद झाली. ड्यूमाने नेपोलियनला शिवराळ भाषेत पत्र लिहिले. त्याचे फळ म्हणजे हुद्द्याला न शोभणारी कामगिरी. तीतच त्याने नाव काढले. मार्चमध्ये टायरॉलमधील क्लाउझेनच्या पुलावर त्याने ऑस्ट्रियन घोडेस्वारांना एकट्याने थोपवून धरले, आणि मागून त्याचे लोक येईपर्यंत तो हटला नाही. शत्रू त्याला ‘काळा सैतान’ म्हणू लागला. नेपोलियननेही त्याची तुलना पूल राखणाऱ्या प्राचीन रोमन वीराशी केली.

मुलाने आठवणींत बापाच्या अंगबळाच्या ज्या कथा सांगितल्या आहेत, त्यांतल्या निम्म्या कादंबरीकाराच्या म्हणून सोडून द्याव्यात. पुलाची कथा त्यांतली नव्हे.

१७९८ मध्ये इंग्रजांच्या हिंदुस्थानच्या वाटेवर शह देण्यासाठी नेपोलियन इजिप्तला निघाला, तेव्हा ड्यूमा घोडदळाचा प्रमुख होता. तहानेने सैनिक वाळवंटात पडत होते. दमनहूर येथे ड्यूमाच्या तंबूत काही सेनापती जमले आणि ही मोहीम नेमकी कोणासाठी, फ्रान्ससाठी की एका माणसासाठी, असा सूर निघाला. मुलाच्या सांगण्याप्रमाणे त्यांत मुराटही होता. बातमी नेपोलियनपर्यंत गेली. त्याने जाब विचारला, तेव्हा ड्यूमाने परत जाण्याची परवानगी मागितली. कैरोतले बंड मोडण्यात त्याने हिरिरीने भाग घेतला; तरी मनातली अढी गेली नाही.

मार्च १७९९ मध्ये तो निघाला. जहाज गळके, त्यात वादळ. इटलीच्या तारांतो बंदराचा आसरा घ्यावा लागला. तिथे नेपल्सच्या राजाचा पक्ष फ्रान्सचा वैरी झालेला आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. दोन वर्षे तो तारांतो आणि ब्रिंदिसी येथे कैदेत राहिला. आपल्यावर विषप्रयोग झाला, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. १८०१ मध्ये सुटला तेव्हा एक डोळा अधू झाला होता, ऐकू कमी येत होते आणि चालणे लंगडे झाले होते. ज्या नेपल्सने त्याला कोंडले, त्याचे सिंहासन पुढे १८०८ मध्ये मुराटला मिळाले.

तो परतला, पण ज्या फ्रान्सची त्याने चाकरी केली होती ते उरले नव्हते. १७९४ मध्ये फ्रेंच प्रजासत्ताकाने गुलामगिरी रद्द केली होती. मे १८०२ च्या कायद्याने नेपोलियनने वसाहतींत ती पुन्हा कायम केली. कृष्णवर्णीयांना फ्रान्सच्या भूमीवर येण्यास बंदी झाली. ड्यूमाला वेगळी शिक्षा कोणी दिली नाही. त्याच्या अर्जांचा उपयोग झाला नाही, एवढेच. कैदेतल्या काळाचा थकलेला पगार नाही, नवी नेमणूक नाही, लीजन ऑफ ऑनरही नाही. यामागे नेपोलियनचा वर्णद्वेष किती आणि दमनहूरचा राग किती, यावर वाद घालता येईल. तथापि फटकळ बोलणारे इतर सेनापती पुढे मार्शल झाले, हे विसरता येत नाही.

२६ फेब्रुवारी १८०६ रोजी पोटाच्या कर्करोगाने तो व्हिलेर-कॉतरेलाच वारला. वय ४३. मुलगा चार वर्षांचाही नव्हता. विधवेला निवृत्तिवेतन मिळाले नाही. पुढे ती तंबाखूचे दुकान चालवीत असे. निर्दोष माणूस वर्षानुवर्षे तुरुंगात कुजतो, हे मॉन्टे क्रिस्टोचे कथासूत्र त्या घरातल्या मुलाला शोधायला दूर जावे लागले नसेल.

पॅरिसच्या विजयकमानीवर ड्यूमाचे नाव कोरलेले आहे. शहरातल्या एका चौकात कादंबरीकार ड्यूमा, त्याचा नाटककार मुलगा आणि हा सेनापती अशा तिघांचे पुतळे होते. सेनापतीचा पुतळा जर्मन अंमलात, १९४१-४२ च्या हिवाळ्यात पाडून वितळविण्यात आला. त्या चौकात २००९ मध्ये त्याच्या स्मरणार्थ जे शिल्प उभारले गेले, ते गुलामाच्या बेड्यांचे आहे.