जिना चढणारा प्राध्यापक



आपल्या चर्चच्या दाराजवळ संत विन्सेंट डी पॉल संस्थेची पेटी आहे. मिस्सा संपल्यावर तिच्यात नोट सरकवून आपण घरी जातो. पेटी भरते, हे आम्ही आनंदाने सांगतो. नाताळच्या आधी तांदूळ, डाळ आणि तेलाच्या पिशव्या भरायलाही माणसे मिळतात. मिळत नाहीत ती दर आठवड्याला दोघादोघांनी गरजू कुटुंबाच्या घरी जाऊन घटकाभर बसणारी माणसे. ते काम काही मोजक्या सभासदांवर येऊन पडले आहे आणि त्यांतले बहुतेक साठी ओलांडलेले आहेत.

ही संस्था संत विन्सेंट यांनीच काढली असे पुष्कळांना वाटते. संत विन्सेंट १६६० साली निवर्तले आणि संस्था १८३३ सालची आहे. ती सुरू करणाऱ्यांत एक जण सोडला तर बाकी सारे कॉलेजातले विद्यार्थी होते. त्यांच्यापैकी फ्रेडरिक ओझानाम यांची ओळख आम्ही आज करून देत आहोत.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८१३ रोजी इटलीतील मिलान शहरात झाला. त्या वेळी तेथे नेपोलियनचे राज्य होते. पुढे कुटुंब फ्रान्समधील ल्यों या रेशमाच्या शहरात परतले. आईवडिलांना चौदा मुले झाली, पण मोठे झाले ते तीनच मुलगे. त्यांतला एक धर्मगुरू झाला, एक डॉक्टर, आणि मधला हा फ्रेडरिक. वडील आधी सैनिक होते, नंतर डॉक्टर झाले. गरिबांना ते पैसे न घेता तपासत. आईसुद्धा आजारी गरिबांकडे जात असे. उतारवयात दोघांनाही जिने झेपेनासे झाले, तेव्हा चौथ्या मजल्याच्या वर जायचे नाही असे नवराबायकोने एकमेकांना वचन दिले. पुढे एके दिवशी दोघांची गाठ पडली ती चौथ्या मजल्याच्या वरच! दोघेही एकमेकांपासून चोरून रुग्णाला भेटायला आले होते. १८३७ साली एका गरीब रुग्णाच्या घरी गेले असताना जिन्यावरून पडून वडिलांचा मृत्यू झाला.

अशा घरात वाढलेल्या मुलालाही पंधराव्या-सोळाव्या वर्षी श्रद्धेविषयी शंकांनी घेरले. देव आहे कशावरून, ख्रिस्तसभा सांगते ते खरे कशावरून, या प्रश्नांनी त्याची झोप उडाली. शाळेतले तत्त्वज्ञानाचे शिक्षक फादर न्वारो यांनी त्याला दटावले नाही, की प्रश्न विचारण्याचे पाप कबूल करायला पाठवले नाही. ते त्याला बरोबर घेऊन शहराबाहेर लांबलांब फिरायला जात आणि चालता चालता त्याच्याशी बोलत. आम्ही स्वतः सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो. शंका हे श्रद्धेचे शत्रू नव्हेत हे कळायला आम्हांला बरीच वर्षे लागली. फ्रेडरिकला ते त्या वयात कळले. यातून बाहेर पडलो तर आयुष्य सत्याच्या सेवेला वाहीन, असे वचन त्याने देवाला दिले होते.

१८३१ च्या अखेरीस तो कायद्याच्या शिक्षणासाठी पॅरिसला आला. तेथे त्याला घरी ठेवून घेतले आंद्रे अँपिअर या शास्त्रज्ञांनी. आपल्या घरच्या विजेच्या मिटरवर अँपिअर हा शब्द असतो, तो त्यांच्याच नावावरून आलेला आहे. मन उदास असताना हा विद्यार्थी एकदा चर्चमध्ये शिरला, तर एका कोपऱ्यात हे जगप्रसिद्ध वृद्ध शास्त्रज्ञ गुडघ्यांवर बसून रोझरी म्हणत होते. ते दृश्य तो कधी विसरला नाही.

१८३२ साली पॅरिसमध्ये कॉलऱ्याने हजारो माणसे मेली. गरीब वस्त्यांत सर्वात जास्त. त्या काळी विद्यापीठात कॅथोलिक असणे म्हणजे मागासलेपणा समजला जाई. ओझानाम आणि त्यांचे मित्र एका इतिहास-मंडळात जमत आणि ख्रिस्ती धर्माने जगाला काय दिले यावर वाद घालत. तेथे विरोधी मताचे विद्यार्थीही येत. एकदा त्यांच्यातल्या एकाने सरळ विचारले की, तुमच्या धर्माने पूर्वी मोठी कामे केली हे मान्य, पण आज या शहरातल्या गरिबांसाठी तुम्ही काय करता ते दाखवा. त्याला द्यायला उत्तर नव्हते. वादात हरलेला माणूस सहसा पुढच्या वादाची तयारी करतो. यांनी मात्र तसे केले नाही.

२३ एप्रिल १८३३ रोजी, म्हणजे ओझानाम यांच्या विसाव्या वाढदिवशी, सात जण एका वृत्तपत्राच्या कचेरीत जमले. सहा विद्यार्थी होते आणि सातवे संपादक इमॅन्युएल बायी. वयाने मोठे असलेले बायी अध्यक्ष झाले. गरिबांना मदत करण्याची हौस होती, पण गरीब कोठे राहतात हेच या मुलांना ठाऊक नव्हते! त्यासाठी ते मुफ्तार नावाच्या दरिद्री वस्तीत काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रांदू यांच्याकडे गेले. संत विन्सेंट यांनी स्थापन केलेल्या संघातल्या या धर्मभगिनीला त्या वस्तीतले घर नि घर माहीत होते. त्यांनी कुटुंबांची नावे दिली, पावाच्या चिठ्ठ्या दिल्या आणि गरिबाच्या घरात कसे बसावे, कसे बोलावे हेही शिकवले. २००३ साली त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले.

सभेच्या शेवटी टोपी फिरवून पैसे गोळा करायचे, कोणी किती टाकले ते कोणी पाहायचे नाही, आणि दोघादोघांनी घरी जाऊन मदत द्यायची. आपल्या सभासदांना ही पद्धत ओळखीची वाटेल. आपण शाखेला कॉन्फरन्स का म्हणतो, असे आम्हांला एकदा कोणी विचारले होते. ते नाव त्या जुन्या इतिहास-मंडळाच्या नावावरून आले आहे.

ओझानाम यांच्या वाट्याला आलेल्या पहिल्या कुटुंबांपैकी एकाची हकीकत सांगण्यासारखी आहे. पाच मुलांची आई, आणि नवरा दारुडा. मिळेल ते पिऊन टाकायचा आणि बायकोमुलांना मारायचा. तेथे पाव नेऊन दिला असता तर संध्याकाळपर्यंत त्याचीही दारू झाली असती. ओझानाम पुन्हा पुन्हा जात राहिले. हळूहळू त्या बाईचा विश्वास बसला आणि ती बोलू लागली. तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की तिचे लग्न कायद्याने झालेलेच नाही, आणि त्या माणसाजवळ राहण्याचे कोणतेही बंधन तिच्यावर नाही. बिचारीला हे ठाऊकच नव्हते. कायद्याच्या या विद्यार्थ्याने सरकारी वकिलापर्यंत जाऊन तिची सुटका केली, आणि थोरल्या दोन मुलांना बायी यांच्या छापखान्यात कामाला लावले. तिची गरज काय आहे, हे पेटीत पैसे टाकणाऱ्याला कधीच कळले नसते.

सभासद वाढत गेले. शंभरावर संख्या गेली तेव्हा एकाच ठिकाणी जमणे अशक्य झाले. वेगवेगळ्या धर्मग्रामांत विभागून जावे असे ओझानाम यांनी सुचवले, तर मित्रच त्यांच्यावर नाराज झाले. मैत्री तुटेल अशी भीती वाटत होती. बरेच वाद होऊन १८३५ साली विभागणी झाली, म्हणून आज प्रत्येक चर्चची आपली शाखा असू शकते. १८४४ मध्ये संस्था डब्लिनला आणि १८४५ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला पोहोचली. ओझानाम मात्र तिचे मुख्य अध्यक्ष कधीच झाले नाहीत, आणि कोणी त्यांना संस्थापक म्हटलेले त्यांना आवडत नसे.

त्यांच्या शिक्षणाविषयी थोडक्यात सांगतो. ते आधी कायद्याचे डॉक्टर झाले, मग दान्ते या कवीवर प्रबंध लिहून साहित्याचे. १८४० साली कठीण परीक्षेत पहिले आले आणि सोर्बोन विद्यापीठात शिकवू लागले. २३ जून १८४१ रोजी त्यांचे अमेली सुलाक्रवा यांच्याशी लग्न झाले. पुढे दर महिन्याच्या २३ तारखेला ते पत्नीला फुले देत. आमच्याकडे लग्नासाठी नावे द्यायला येणाऱ्या तरुणांना आम्ही हे मुद्दाम सांगतो. १८४५ मध्ये त्यांना मरी ही मुलगी झाली.

एका नववर्षदिनी त्यांना कळले की, पूर्वी बरे दिवस पाहिलेल्या एका कुटुंबाला आपले कपाट गहाण टाकावे लागले आहे. जुन्या संसारातली तेवढीच एक वस्तू उरली होती. ते सोडवून द्यावे असे त्यांच्या मनात आले. अमेलीने व्यवहाराच्या चार गोष्टी सांगून त्यांना थांबवले, आणि तिचे चुकीचेही नव्हते. संध्याकाळी भेटीगाठी आटोपून ते घरी आले. मुलीपुढे खेळण्यांचा ढीग पडलेला होता. तिने दिलेल्या खाऊला त्यांनी हात लावला नाही. अमेलीने ओळखले आणि तीच म्हणाली की जा. ते लगेच उठले, कपाट सोडवून त्या घरी पोहोचवले, आणि मगच हसत परत आले.

दुसरी हकीकत आम्हांला जास्त टोचते. एका इटालियन माणसाला त्यांनी नोकरी लावून दिली होती. त्याने विश्वासघात केला आणि काही दिवसांनी पुन्हा हात पसरत आला. ओझानाम यांनी त्याला परत पाठवले. तो गेला मात्र, त्यांच्या मनाला चैन पडेना. आपल्यालाही एक दिवस देवाकडे दयाच मागायची आहे, हे आठवून ते त्याच्यामागे धावत सुटले आणि लक्झेंबर्ग बागेत त्याला गाठले. काही वर्षांपूर्वी आम्हीही एका माणसाला दारातून परत पाठवले होते. तो खोटे बोलतो हे आम्हांला पक्के ठाऊक होते, आणि तो खोटे बोलतही होता. आम्ही मात्र मागे धावलो नाही.

घरोघर फिरल्यामुळे ओझानाम यांच्या लक्षात आले की, नुसत्या दानाने हे दारिद्र्य संपणार नाही. ल्योंच्या विणकरांनी १८३१ आणि १८३४ साली मजुरीसाठी बंड केले होते. ल्योंमध्ये व्यापारी कायदा शिकवताना त्यांनी कामगाराच्या योग्य मजुरीचा प्रश्न मांडला होता, तोही पोप तेरावे लिओ यांच्या १८९१ च्या परिपत्रकाच्या पन्नासएक वर्षे आधी. १८४८ च्या क्रांतीच्या वेळी त्यांनी लाकोर्देर या प्रसिद्ध धर्मगुरूंबरोबर एक दैनिक सुरू केले आणि ख्रिस्तसभेने कष्टकऱ्यांच्या बाजूला जावे असे लिहिले. अनेक कॅथोलिकांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. दैनिक वर्षभरात बंद पडले. ल्योंमधून उभे राहिलेल्या निवडणुकीतही ते हरले. त्याच वर्षी जूनमध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर सैनिक आणि कामगार एकमेकांना मारत होते. तेव्हा ओझानाम व दोन मित्रांनी आर्चबिशप आफ्र यांना मध्यस्थी करण्याची विनंती केली. आर्चबिशप गेले आणि बंडखोरांच्या अडथळ्यापाशी त्यांना गोळी लागली. दोन दिवसांनी, २७ जून रोजी, ते मरण पावले. विनंती करणाऱ्याच्या मनावर हे ओझे किती असेल याची कल्पनाच केलेली बरी.

त्याच वर्षी त्यांनी एक लेख लिहिला. त्यात म्हटले होते की, माणसाला केवळ खाऊ घालणारी मदत त्याला कमी लेखते. भेट, हस्तांदोलन आणि मैत्री घेऊन येणारी मदत त्याचा मान राखते, कारण तेथे देणाऱ्यालाही काही घेऊन जाता येते.

पुढे मूत्रपिंडाचा विकार बळावला आणि १८५२ मध्ये शिकवणे थांबले. हवापालटासाठी ते इटलीला गेले, पण तेथेही संस्थेच्या शाखा काढत हिंडले. परत येताना ८ सप्टेंबर १८५३ रोजी, पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या दिवशी, मार्सेय येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे चाळीस. अमेली १८९४ पर्यंत जगल्या. १९२६ साली ब्राझीलमधील एक लहान मूल घटसर्पातून बरे झाले, तो त्यांच्या मध्यस्थीने घडलेला चमत्कार म्हणून मान्य झाला. २२ ऑगस्ट १९९७ रोजी पॅरिसमध्ये जागतिक युवा दिनाच्या वेळी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. त्यांचा सण ९ सप्टेंबरला येतो.

आपल्या कॉन्फरन्सची सभा रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर चर्चच्या लहान हॉलमध्ये भरते. भेटींची यादी तेथेच भिंतीवर लावलेली असते. तिच्यातल्या चार घरी गेल्या काही महिन्यांत कोणी गेलेले नाही. त्यांतली दोन तिसऱ्या मजल्यावर आहेत आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही.