जॉर्ज एव्हलिन हचिन्सन

जॉर्ज एव्हलिन हचिन्सन (जन्म : केंब्रिज, इंग्लंड, ३० जानेवारी १९०३, मृत्यू : लंडन, १७ मे १९९१) हे ब्रिटिश-अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ आणि आधुनिक परिस्थितिविज्ञानाचे एक प्रमुख प्रवर्तक होते. तरंगत्या सूक्ष्म शैवालांच्या सहअस्तित्वाविषयी त्यांनी मांडलेला प्रश्न ‘प्लवकांचा विरोधाभास’ म्हणून ओळखला जातो.

जीवन

हचिन्सन यांचे वडील केंब्रिज विद्यापीठात खनिजशास्त्राचे प्राध्यापक होते. तेथील इमॅन्युएल महाविद्यालयात प्राणिशास्त्राचे शिक्षण घेऊन हचिन्सन १९२६ साली दक्षिण आफ्रिकेत अध्यापक झाले. केपटाउनजवळच्या उथळ तळ्यांच्या अभ्यासातून त्यांना सरोवरविज्ञानाची गोडी लागली. १९२८ साली ते अमेरिकेतील येल विद्यापीठात रुजू झाले आणि १९७१ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. त्यांनी डॉक्टरेट घेतली नव्हती. मात्र त्यांच्या हाताखाली अनेक नामवंत परिस्थितिवैज्ञानिक घडले. १९३२ सालच्या येल उत्तर भारत मोहिमेत त्यांनी लडाखमधील सरोवरांचा अभ्यास केला.

संशोधन

१९४० च्या दशकात हचिन्सन यांनी लिन्स्ले तळ्यात किरणोत्सारी फॉस्फरस सोडून त्याचा माग काढला. हे पोषकद्रव्य पाण्यात स्थिर न राहता सजीव, पाणी व गाळ यांच्यात वेगाने फिरते, असे त्यातून दिसले.

स्थिर परिस्थितीत एकाच पोषकद्रव्यासाठी स्पर्धा करणाऱ्या जातींपैकी अखेरीस एकच टिकते, असे सिद्धांत सांगतो. प्रत्यक्षात मात्र प्रकाश, नायट्रोजन, फॉस्फरस अशा मोजक्या गरजांवर एकाच तळ्यात शैवालांच्या कितीतरी जाती नांदतात. १९६१ साली हचिन्सन यांनी याची उकल सुचवली : एका जातीचा विजय पूर्ण होण्याआधीच ऋतुमान पालटते आणि दुसरीला संधी मिळते. १९८४ साली उल्रिख सोमर यांनी प्रयोगशाळेत फॉस्फरस सतत न देता ठरावीक अंतराने दिला, तेव्हा अधिक जाती एकत्र टिकल्या.

महत्त्व

भारतातही शैवालांचे ऋतुचक्र अभ्यासले गेले आहे. एला गोन्साल्विस व जोशी यांनी वांद्र्याच्या तलावातील शैवालांचा ऋतुक्रम १९४६ साली प्रसिद्ध केला. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यातले करंजवण, वाघाड यांसारखे जलाशय पावसाळ्यात भरतात आणि उन्हाळ्यापर्यंत खालावतात. पावसाच्या लोंढ्याबरोबर शेतांतील माती व खतेही पाण्यात येतात. अशा पाण्यात कोणते शैवाल माजेल, हे पोषकद्रव्यांच्या प्रमाणाइतकेच ती केव्हा व किती अंतराने येतात यावरही ठरते. म्हणून जलाशयाची स्थिती समजण्यासाठी वर्षातून एकदा घेतलेला पाण्याचा नमुना अपुरा पडतो.

हचिन्सन यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक १९९१ साली मरणोत्तर देण्यात आले.