नवीन बाइक झटके का देते? उत्तर शोधताना भेटलेला माणूस : विल्हेल्म मायबाख

बाइक घेऊन तीन आठवडे झाले होते. आईला मागे बसवून बाजारातून घरी येत होतो. ट्रॅफिक, दुसरा गिअर, थ्रॉटल बंद. थोडी जागा मिळाली म्हणून थ्रॉटल किंचित फिरवला. बाइकने आधी काहीच केलं नाही आणि मग एकदम पुढे उसळली. समोरच्या रिक्षापासून वीतभर अंतरावर ब्रेक लागला. आईने माझा खांदा धरला तो घरापर्यंत सोडलाच नाही. त्यानंतर ती बाइकवर बसायला तयार होईना.

सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं, तर नवीन गाडी आहे, चालवून चालवून सेट होईल असं उत्तर मिळालं. मी सॉफ्टवेअरवाला. बग नक्की कुठे आहे हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून वाचायला बसलो, आणि थ्रॉटलपासून मागे मागे जात मायबाखपर्यंत पोचलो.

अनाथ मुलगा ते डिझायनर

विल्हेल्म मायबाख यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८४६ रोजी जर्मनीतल्या हाइलब्रॉनमध्ये झाला. वडील सुतारकाम करायचे. दहा वर्षांचा होईपर्यंत विल्हेल्मचे आई-वडील दोघंही गेले होते. रॉइटलिंगेन गावात गुस्ताव वेर्नर नावाचे धर्मोपदेशक गरीब मुलांसाठी संस्था चालवत, तिथे तो वाढला. संस्थेचा स्वतःचा कारखाना होता. विल्हेल्मचा हात ड्रॉइंगमध्ये चांगला चालतो हे लक्षात आल्यावर त्याला तिथल्या डिझाइन विभागात घेतलं. माझ्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री आहे. मायबाख हे सगळं कारखान्यात शिकले.

तिथेच त्यांची गाठ बारा वर्षांनी मोठ्या गॉटलिब डाइमलर यांच्याशी पडली. पुढे डाइमलर जिथे गेले तिथे मायबाखही गेले. आधी कार्ल्सरूह, मग १८७२ मध्ये डॉइट्झचा कारखाना. निकोलाउस ओटो यांचं चार स्ट्रोकचं इंजिन १८७६ मध्ये तिथेच तयार झालं. पण ते इंजिन अवजड होतं, एका जागी बसवून चालवायचं. या दोघांना गाडीवर बसेल असं छोटं इंजिन हवं होतं.

बागेतलं वर्कशॉप

१८८२ मध्ये दोघं कानश्टाटला आले आणि डाइमलर यांच्या बागेतल्या काचेच्या खोलीत काम सुरू झालं. दिवसरात्र ठोकाठोकी ऐकून माळ्याला वाटलं, इथे खोटी नाणी पाडतात. त्याने पोलिसांना सांगितलं. धाड पडली, आणि आत सापडली ती इंजिनं!

१८८५ मध्ये त्यांनी लाकडी सांगाड्याच्या दुचाकीत असं एक इंजिन बसवलं. २६४ सीसी, अर्धा हॉर्सपॉवर, वेग ताशी साधारण १२ किलोमीटर. आज तिला पहिली पेट्रोल मोटरसायकल मानतात. तिच्या कार्ब्युरेटरमध्ये हवा इंधनातून जाताना त्याची वाफ सोबत घ्यायची. वाफ किती मिळणार यावर मात्र नीट ताबा नव्हता.

१८९३ : एक बारीक नळी

डाइमलर यांच्या नावाने कंपनी निघाली, पण भागधारकांशी पटलं नाही म्हणून १८९१ मध्ये मायबाख बाहेर पडले. कानश्टाटमधल्या बंद पडलेल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये, डाइमलर यांच्या पैशावर, त्यांनी काम चालू ठेवलं. तिथून १८९३ मध्ये बाहेर आला फवारा कार्ब्युरेटर.

कल्पना साधी आहे. एका छोट्या टाकीत फ्लोट इंधनाची पातळी कायम ठेवतो. इंजिनाने हवा ओढली की त्या ओढीनेच बारीक नळीतून इंधन फवाऱ्यासारखं बाहेर येतं. हवा जास्त तर इंधनही जास्त. पुढची कित्येक दशकं जगभरातल्या गाड्या याच तत्त्वावर चालल्या.

आता माझा झटका यात कुठे बसतो? हवा हलकी, पेट्रोल जड. थ्रॉटल उघडला की हवा लगेच धावते, पेट्रोल मागे राहतं, काही थेंब नळीच्या भिंतीलाच चिकटतात. क्षणभर मिश्रण पातळ होतं, इंजिन अडखळतं आणि मग उसळतं. म्हणून नंतरच्या कार्ब्युरेटरमध्ये जादा पेट्रोल ढकलणारा छोटा पंप आला. आज फ्युएल इंजेक्शनमध्ये तेच काम ईसीयू थ्रॉटलचा सेन्सर वाचून करतो. त्यात प्रदूषणाच्या नियमांमुळे मिश्रण मुळातच पातळ ठेवतात आणि थ्रॉटल बंद केला की पेट्रोल तोडतात. ते परत सुरू होतं तेव्हा धक्का जाणवतो.

मी काय तपासलं

ईसीयूला दोष देण्याआधी साध्या गोष्टी बघितल्या. थ्रॉटलची मूठ हलकेच फिरवली, तर बराच वेळ रिकामीच फिरत होती. म्हणजे केबल सैल. चेनही मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापापेक्षा ढिली होती. दोन्ही मापात आणून घेतलं आणि निम्म्याहून जास्त झटके गेले. उरलेल्यासाठी कमी वेगात क्लच अर्धा दाबून थ्रॉटल हळू उघडतो. तुम्हीही याच क्रमाने तपासा. इंजिनचा दिवा पेटत असेल किंवा आयडलिंग वरखाली होत असेल, तर मात्र घरी खटपट न करता स्कॅन करून घ्या.

शेवट

१८९५ मध्ये मायबाख कंपनीत परतले. १९०० मध्ये डाइमलर गेले आणि त्याच वर्षाअखेरीस मायबाख यांची ३५ हॉर्सपॉवरची मर्सिडीझ आली. तिच्या इंजिनाचा वेग स्टिअरिंगजवळच्या दांड्याने कमीजास्त करता यायचा. १९०७ मध्ये त्यांना पुन्हा कंपनी सोडावी लागली. मग मुलगा कार्लसोबत त्यांनी झेपेलिन हवाईजहाजांच्या इंजिनांचा उद्योग उभा केला. २९ डिसेंबर १९२९ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी ते गेले. कानश्टाटच्या ज्या दफनभूमीत डाइमलर आहेत, तिथेच तेही आहेत.

गेल्या रविवारी आई परत मागे बसली. खांदा धरलाच होता, पण या वेळी हलकेच.