वजनाचा वैरी : अफा फॉक्स

इंजिनियरिंगला आल्यापासून एक गोष्ट आपल्या डोक्यात पक्की बसली आहे. शंका आली की जाडी वाढवा! शाफ्ट तुटेल असं वाटतंय? व्यास वाढवा. फॅक्टर ऑफ सेफ्टी जरा जास्त घेतला म्हणून कोणी रागवत नाही, पण कमी घेतला तर व्हायवात धडगत नाही. अशा या आपल्या जगात मला एका माणसाची ओळख करून द्यायची आहे, ज्याने आयुष्यभर नेमकी उलटी दिशा धरली. त्याचं नाव अफा फॉक्स. रोडरोलर सोडला तर वजनाचा कुणालाही काही उपयोग नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

अफाचा जन्म १५ जानेवारी १८९८ चा, इंग्लंडच्या दक्षिणेला असलेल्या आईल ऑफ वाइट या बेटावरचा. या बेटावरचं काउझ हे गाव म्हणजे होड्यांच्या शर्यतीची पंढरीच. डिग्री वगैरे भानगड त्याने केली नाही. एस. ई. सॉंडर्स यांच्या कारखान्यात तो सात वर्षं उमेदवारी करत होता. हा कारखाना साधासुधा नव्हता. इथे महोगनीच्या पातळ पापुद्र्यांचे थर एकमेकांवर ठेवून, मध्ये वॉटरप्रूफ केलेलं कापड घालून, तांब्याच्या तारेने चक्क शिवायचे! या पद्धतीचं नाव कन्सुटा. शिवलेल्या या लाकडाचे हल इतके हलके आणि चिवट व्हायचे की पुढे समुद्रावर उतरणाऱ्या विमानांची शरीरंसुद्धा तिथे लाकडाचीच बनली. ‘मेपल लीफ ४’ ही मोटरबोटही याच कारखान्याची. १९१२ आणि १९१३ साली तिने हार्म्सवर्थ ट्रॉफी जिंकली. या बोटीच्या तळाला पायऱ्या होत्या आणि वेगात ती पाणी कापण्याऐवजी पाण्यावरून घसरत जायची. पोरसवदा अफा या सगळ्याच्या मधोमध वाढला.

इथे थोडं फ्लुइड मेकॅनिक्स. (पानं उलटू नका, परीक्षेत येणार नाही!) कुठलीही होडी हळू चालते तेव्हा ती आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारून चालते. वेग वाढला की ती स्वतःच एक लाट तयार करते आणि त्या लाटेच्या खळग्यात अडकते. हा अडकण्याचा वेग पाण्यातल्या लांबीवर ठरतो. फुटातल्या लांबीचं वर्गमूळ काढून त्याला १.३४ ने गुणलं की साधारण नॉट्समध्ये उत्तर मिळतं. म्हणजे १४ फुटी होडीला सुमारे ५ नॉट्स. त्यापुढे जायचं तर एकच मार्ग, स्वतःच्याच लाटेवर चढायचं आणि पाण्याच्या वर उचललं जायचं. याला प्लेनिंग म्हणतात. चढायला ताकद लागते आणि ताकद ठरलेली असेल तर वजन कमीच लागतं.

सॉंडर्सच्या मोटरबोटीकडे शेकडो हॉर्सपॉवर होते. अफाने विचार केला तो असा, की नुसत्या शिडाच्या होडीला हे का जमू नये? तोपर्यंत शिडाच्या छोट्या होड्या गोल पोटाच्या असत. वारा भरला तरी त्या पाण्यात रुतून चालायच्या. अफाने पुढचा भाग ‘व्ही’ आकाराचा ठेवला, लाट चिरायला. मागे तळ हळूहळू सपाट आणि सरळ करत नेला, उचलायला. आणि सगळी होडी जमेल तितकी हलकी केली. पातळ फळ्यांचे दोन थर आणि मध्ये तेल पाजलेलं रेशीम. सॉंडर्सची शिकवण कुठे वाया गेली नाही!

१९२८ साली ‘अ‍ॅव्हेंजर’ ही १४ फुटी होडी घेऊन तो हंगामात उतरला. ५७ शर्यती, त्यात ५२ पहिले नंबर, २ दुसरे, ३ तिसरे. चौथा नंबर एकदाही नाही. मानाचा प्रिन्स ऑफ वेल्स कपही त्याच वर्षी मिळाला. मला मात्र या आकड्यांपेक्षा दुसरी गोष्ट जास्त भावली. त्याच उघड्या होडीत दोन साथीदार घेऊन तो इंग्लिश खाडी ओलांडून सुमारे शंभर मैलांवरच्या ल हाव्र बंदरात गेला, तिथे शर्यत केली आणि त्याच होडीने परत आला. हलकी म्हणजे नाजूक, हलकी म्हणजे तकलादू असं म्हणणाऱ्यांना याहून चोख उत्तर ते काय द्यायचं?

माणूस अवलिया होता. स्काउटमास्तर असताना मुलांना घेऊन तो एका जुन्या व्हेलर होडीतून थेट फ्रान्सला गेला. पालकांना वाटत होतं की पोरं इथेच जवळपास कॅम्पला गेली आहेत! स्काउटमास्तरकी अर्थातच गेली. नदीवरची एक जुनी फेरीबोट विकत घेऊन तिच्यावरच त्याने घर आणि वर्कशॉप थाटलं. तिसरं लग्न केलं ते एका फ्रेंच बाईशी. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि याला फ्रेंच. संसार म्हणे उत्तम झाला. पैशाच्या व्यवहारात मात्र तो कच्चाच राहिला. असो.

आता कोणी म्हणेल, शिडाच्या होडीचं पुराण आम्हाला कशाला? आमचा जीव मोटरमध्ये. तर तेच सांगतो. मागे लटकवायच्या छोट्या आउटबोर्ड इंजिनाच्या शर्यतीत क्लास ठरलेला असतो, म्हणजे ताकद सगळ्यांकडे जवळपास सारखी. मग जिंकणार कोण? ज्याचा हल चांगला तो. लाकडी हल निवडताना आजही अफाचेच प्रश्न विचारावे लागतात. नुसत्या हलचं वजन किती? ते कोरडं असतानाचं की पाणी प्यायल्यानंतरचं? (लाकूड नीट सीलबंद नसेल तर एका हंगामात ते जड होतं आणि आपल्याला कळतही नाही.) तळाचा मागचा भाग पट्टी लावून सरळ येतो का? तिथे खाली वळलेला बाक असेल तर वेगात पुढचं टोक दाबलं जातं, वर वळलेला असेल तर बोट बेडकासारखी उड्या मारत जाते. अशा बोटीला दुप्पट महाग इंजिन लावलं तरी पैसे पाण्यातच.

एक फरक मात्र आहे. शीड ताकद वरून लावतं, आउटबोर्ड मागून आणि खालून. इंजिनाचं वजन आणि धक्का, दोन्ही मागच्या उभ्या फळीवर, म्हणजे ट्रान्समवर येतात. त्यामुळे तिथे काटकसर करून चालत नाही. ट्रान्सम आणि तो तळाला जिथे जोडला जातो तो सांधा मजबूत हवा, वजन काढायचं ते इतर ठिकाणचं. अफाचं खरं कौशल्य हेच. सगळीकडे सारखं पातळ करणं कुणालाही जमेल. जोर कुठे येतो ते ओळखून बाकीचं लाकूड काढून टाकायचं, हे काम जोर न मोजता जाडी वाढवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. (राहिलं चालवणाऱ्याचं वजन. ते आमची मेस फुकटात कमी करून देते.)

मग युद्ध आलं. विमान पाडलं गेलं की वैमानिक नॉर्थ सीमध्ये रबरी डिंगीत अडकून पडत. वरून दुसरं विमान त्यांना पाहू शकायचं, पण उचलू शकायचं नाही. थंडी आणि तहान यात माणसं जात. कधी वारा त्यांना शत्रूच्या किनाऱ्याकडे ढकलत नेई. होडी विमानातून टाकावी हा विचार सोपा, पण विमानाखाली बसेल इतकी हलकी आणि पाण्यावर आपटूनही शाबूत राहील इतकी दणकट होडी करणार कोण? त्यासाठी आधीची वीस वर्षं हेच करत आलेला माणूस हवा होता. अफाने ती लाकडाचीच केली. सामानासकट सुमारे १७०० पौंड, म्हणजे ७७० किलो. पॅराशूटला टांगून खाली यायची, उलटली तर आपोआप सरळ व्हायची. आत शीड, ४ हॉर्सपॉवरच्या दोन मोटरी, आणि कधीही होडी न चालवलेल्या वैमानिकांसाठी शीड कसं लावायचं याचं छोटं पुस्तक! चार-चार घोड्यांच्या त्या मोटरींवर ती ६ नॉट्सपर्यंत जायची. १९४३ च्या मे महिन्यात एका हडसन विमानाने ती पहिल्यांदा खऱ्या बचावासाठी टाकली आणि एका बॉम्बर विमानाचे लोक तिच्यात चढून परतीच्या वाटेला लागले. ही जागा वाचताना मला ‘अ‍ॅव्हेंजर’चे ५२ पहिले नंबर फार लहान वाटले.

युद्ध संपल्यावर विमानं बनवणाऱ्या फेअरी कंपनीने होड्यांमध्ये पाऊल टाकलं. लाकडाचे पातळ पापुद्रे साच्यावर आडवे-तिरपे चिकटवायचे, वर रबरी पिशवी चढवून मोठ्या प्रेशर कुकरसारख्या ऑटोक्लेव्हमध्ये वाफेवर भाजायचे. बाहेर येतो तो एकसंध हल, आत फारशा फासळ्या नकोत. अफाने डिझाइन केलेली ‘फायरफ्लाय’ ही १२ फुटी होडी अशीच बनली, हलचं वजन सुमारे ७४ किलो. १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये एकट्याने चालवायच्या शर्यतीसाठी हीच होडी निवडली होती. सुवर्णपदक मिळालं डेन्मार्कच्या पॉल एल्व्हस्ट्रॉमला. वय फक्त २० वर्षं, म्हणजे आपल्याच बॅचचं! पुढे त्याने लागोपाठ आणखी तीन ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मिळवलं.

नंतरची वर्षं अफाने मानमरातबात काढली. राणी एलिझाबेथचे पती प्रिन्स फिलिप काउझला आले की त्याच्याबरोबर शर्यतीत उतरायचे. १९५९ साली सीबीई मिळाली. पण शांत बसणाऱ्यातला तो नव्हताच. सत्तरीला आला तेव्हा जॉन फेअरफॅक्स नावाच्या तरुणाला एकट्याने वल्ही मारत अटलांटिक ओलांडायचा होता. ना शीड, ना मोटर, नुसते दोन हात. त्या दोन हातांना पेलेल अशी ‘ब्रिटानिया’ अफाने डिझाइन करून दिली. उलटली तरी सरळ होणारी, विमानातून टाकायच्या त्या होडीसारखीच. २० जानेवारी १९६९ ला फेअरफॅक्स कॅनरी बेटांवरून निघाला आणि १८० दिवसांनी, १९ जुलैला, फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लागला. दुसऱ्याच दिवशी माणूस चंद्रावर उतरला, त्यामुळे पेपरात त्याच्या वाट्याला जागा किती उरली असेल देव जाणे. पुढे ‘ब्रिटानिया २’ मधून फेअरफॅक्स आणि सिल्व्हिया कुक यांनी पॅसिफिकही ओलांडला. ही होडीही अफाचीच. एप्रिल १९७२ मध्ये ती ऑस्ट्रेलियाला पोचली आणि त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला अफा फॉक्स गेला.