गोदाराणी : वारल्यांच्या घरातला दाणा वाचवण्यासाठी लढलेली बाई

आपल्या भागात जुन्या माणसांच्या तोंडी आजही गोदाराणी हे नाव आहे. त्या म्हणजे गोदावरी परुळेकर. जन्म १४ ऑगस्ट १९०७, पुणे. वडील नामांकित वकील. गोदावरीबाईंनीही कायद्याची पदवी घेतली, पण कोर्टाऐवजी त्या आणि पती शामराव वारल्यांच्या पाड्यांवर पोचले.

तेव्हा डहाणू आणि उंबरगाव तालुके ठाणे जिल्ह्यात होते. भात पिकत होतं, पण पिकवणाऱ्याच्या घरात टिकत नव्हतं. पीक आलं की मालकाचा खंड जायचा. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की मालकाकडून खावटी काढायची आणि नव्या पिकातून ती वाढीव फेडायची. मग पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. तोवर कंदमुळांवर दिवस काढायचे. वर फुकटची वेठ होतीच. लग्नासाठी कर्ज काढलं तर नवरा-बायको दोघंही मालकाचे लगीनगडी व्हायचे.

उपाशी राहण्याचं मूळ या देण्यात आणि वेठीत आहे, हे गोदावरीबाईंनी ओळखलं. २३ मे १९४५ रोजी झरी गावात (आताचा तलासरी तालुका) हजारो वारली जमले. यापुढे वेठ करायची नाही, असं तिथं ठरलं. लगीनगडी मोकळे होऊ लागले.

मग मजुरीचा प्रश्न आला. ५०० रत्तल गवत कापायला अडीच रुपये हवेत, अशी मागणी घेऊन गवतकापणीचा संप सुरू झाला. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले. तरी लोक हटले नाहीत. पुढे सरकारने परुळेकर दांपत्याला जिल्ह्याबाहेर काढलं, पण लाल बावटा पाड्यावरच राहिला.

हा सगळा लढा त्यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. ८ ऑक्टोबर १९९६ ला त्यांचं निधन झालं.

ज्या खावटीने वारल्यांना बांधून ठेवलं होतं, तेच नाव पुढे आदिवासींसाठीच्या सरकारी मदतीला मिळालं. कोरोनाच्या काळात खावटी अनुदान म्हणून कुटुंबामागे ४ हजार रुपये मंजूर झाले, निम्मे रोख आणि निम्म्याचं अन्नधान्य. पूर्वीच्या खावटीत आणि या खावटीत फरक एवढाच, की ही फेडायला कुणाच्या शेतावर राबावं लागत नाही.