धर्मधातूचा चित्रकार : दहावे कर्मापा छोयिंग दोर्जे

आज वैशाखी पौर्णिमा. भगवान बुद्धांचा जन्म, त्यांची संबोधी आणि महापरिनिर्वाण या तिन्ही घटनांचे स्मरण करण्याचा हा मंगल दिवस. हिमालयापलीकडील तिबेटातही तेथील पंचांगाच्या चौथ्या महिन्यातील पौर्णिमेस हेच स्मरण केले जाते. तेथील मठांत उत्सवप्रसंगी थांका उलगडण्याची प्रथा आहे. थांका म्हणजे गुंडाळून कोठेही नेता येणारे पटचित्र. काही मठांत तर डोंगराचा उतार झाकून टाकील असा प्रचंड पट पसरतात आणि हजारो भाविक त्यापुढे नतमस्तक होतात. आजच्या शुभदिनी या कलेचे आणि तिच्यात आपल्या आयुष्याचे दुःख विरघळवून टाकणाऱ्या एका महापुरुषाचे स्मरण करावे, असे आम्हांस वाटते. हे महापुरुष म्हणजे दहावे कर्मापा छोयिंग दोर्जे. त्यांच्या नावाचा संस्कृत अर्थ धर्मधातुवज्र असा होतो.

कर्मापा हे तिबेटी बौद्ध धर्मातील कर्म काग्यू परंपरेचे सर्वोच्च आचार्य. एका आचार्याने देह ठेवल्यावर त्याचा पुनर्जन्म शोधून त्या बालकास पुन्हा गादीवर बसविण्याची तिबेटातील प्रथा याच परंपरेपासून रूढ झाली. पहिल्या कर्मापांनी ११८९ मध्ये ल्हासाच्या वायव्येस छुर्फू येथे मठ स्थापिला. पुढील अनेक कर्मापांचे जीवन मात्र मठापेक्षा तंबूंच्या विशाल छावणीतच अधिक गेले. शेकडो भिक्षू, ग्रंथ, मूर्ती आणि चित्रे घेऊन ही छावणी पठारावरून फिरत असे. तिच्या आश्रयाने सोळाव्या शतकात चित्रकलेची जी शैली जन्मली, ती आजही छावणीची शैली या नावानेच ओळखली जाते.

छोयिंग दोर्जे यांचा जन्म १६०४ मध्ये ईशान्य तिबेटातील गोलोक प्रदेशात झाला. सहावे शामारपा यांनी त्यांना कर्मापांचा अवतार म्हणून ओळखले आणि तेच पुढे त्यांचे गुरू झाले. बालपणापासून दोन गोष्टींनी या मुलाचे मन व्यापले होते. एक म्हणजे अवलोकितेश्वर या करुणामूर्ती बोधिसत्त्वाची भक्ती आणि दुसरी म्हणजे प्राणिमात्रांविषयीची विलक्षण कणव. कुंचला आणि मूर्तिकाराची छिन्नी ही दोन्ही साधने त्यांच्या हाती लहान वयातच आली. काश्मीरच्या प्राचीन मूर्तींची त्यांना विशेष ओढ होती. भारतभूमीतून बौद्ध धर्म मावळून शतके लोटली होती. परंतु तिच्या शिल्पींनी घडविलेल्या मूर्ती दूरच्या मठांतून पूजिल्या जात होत्या, आणि त्यांतच या तरुण आचार्याने आपले कलागुरू शोधले.

रंगरेषांची साधना

थांका रंगविणे हे केवळ कारागिरीचे काम नव्हे. प्रथम सुती कापड लाकडी चौकटीवर दोऱ्यांनी ताणून बसवितात. त्यावर सरस आणि खडूची भुकटी यांचा लेप देऊन तो शंखाने किंवा गुळगुळीत दगडाने घोटतात. मग मोजमापाच्या रेषा आखल्या जातात. बुद्धाचा चेहरा किती मापांचा, खांदे किती रुंद, नेत्र कोठे, हे सारे शास्त्राने ठरलेले असते आणि चित्रकार त्यात मनमानी करीत नाही. ताम्रखनिजांचे निळे आणि हिरवे रंग, हिंगुळाचा तांबडा, हरताळाचा पिवळा, आणि अखेरीस सुवर्ण असा क्रमाने साज चढतो. सर्वांत शेवटी नेत्र उघडतात. पटाच्या मागील बाजूस मस्तक, कंठ आणि हृदय या स्थानी ॐ, आः, हूँ ही बीजाक्षरे लिहितात. मग किनखाबाची चौकट शिवून त्यावर रेशमी पडदा सोडतात. प्राणप्रतिष्ठेनंतर तो पट चित्र उरत नाही. साधकाच्या दृष्टीने तो साक्षात सान्निध्य होतो.

त्याच्यासमोर बसून साधक देवतेचे रूप अवयवशः मनात उभे करतो आणि शेवटी ते रूपही शून्यतेत विलीन करतो. म्हणून बहुतेक थांकांवर चित्रकाराचे नाव नसते. जेथे अहंता विसर्जित करावयाची, तेथे स्वाक्षरीला स्थान कोठले?

सर्वस्वाचा नाश

सतराव्या शतकात मध्य तिबेटात सत्तेचा संघर्ष विकोपास गेला. त्सांग प्रांताचे राजे कर्मापांचे आश्रयदाते होते, तर दलाई लामांच्या गेलुग परंपरेच्या पाठीशी मंगोल सरदार गुश्री खान उभा राहिला. १६४२ मध्ये त्सांगच्या राजाचा पराभव होऊन त्याचा वध झाला. पराभूत राजाचे गुरू म्हणून कर्मापांवर संशयाची छाया पडली. थोड्याच काळात त्यांच्या छावणीवर सैन्य चालून आले. अनेकांची कत्तल झाली आणि तंबू उद्ध्वस्त झाले. कुन्तु झांगपो हा एकनिष्ठ सेवक सोबतीस घेऊन कर्मापा त्या संहारातून निसटले. मागे राहिलेले त्यांचे अनेक मठ इतरांच्या हाती गेले.

उपासमार आणि थंडी सोशीत ते पूर्वेकडे लिच्यांग येथे पोहोचले. आजच्या चीनमधील युन्नान प्रांतात असलेल्या या छोट्या राज्यात नाशी लोकांची वस्ती होती आणि तेथील राजे कर्मापांचे भक्त होते. आपल्या गुरूचे राज्य आणि मठ परत मिळवून देण्यासाठी राजाने सैन्य देऊ केले आणि कर्मापांनी ते नाकारले, असे परंपरा सांगते. आपल्या नावाने आणखी रक्त सांडावे, हे त्यांना मान्य नव्हते. त्या नकाराची किंमतही मोठी होती. छुर्फूला परतण्याची वाट त्यामुळे जवळजवळ मिटली आणि त्यांचा वनवास सुमारे तीस वर्षे लांबला.

तरीही स्वस्थ बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. ज्या गुरूंनी त्यांना ओळखले होते त्यांचे निधन १६३० मध्ये झाले होते. त्या गुरूंचा नवा अवतार शोधण्यासाठी कर्मापा लिच्यांगमधून वेषांतर करून एकटेच गोलोककडे निघाले. वाटेत चोरांनी त्यांना लुबाडले. एकेकाळी ज्यांच्या छावणीपुढे राजे वाकत, ते आता भिक्षा मागत मार्ग कंठीत होते. अखेर सातवे शामारपा त्यांना सापडले, आणि त्या शिष्याला त्यांनी आपल्याबरोबर लिच्यांगला आणले.

या निर्वासित वर्षांत त्यांनी अखंड चित्रे रंगविली आणि मूर्ती घडविल्या. १६६० सालचा लेख असलेला, बुद्ध आणि सोळा अर्हत यांचा त्यांचा चित्रसंच लिच्यांगच्या संग्रहालयात आहे. त्यांची शैली छावणीच्या रूढ शैलीहून वेगळी आहे. रेशमावर विरळ रंग, चिनी चित्रांची आठवण देणारे मोकळे अवकाश आणि काश्मिरी मूर्तींशी नाते सांगणारी रूपे तिच्यात एकत्र येतात. परंतु मनात घर करतात ती त्यांतील लहानसहान पाखरे आणि प्राणी. अर्हतांच्या आसपास ती निर्भयपणे वावरतात. ज्याने माणसांनी माणसांची केलेली कत्तल पाहिली, त्याने आपल्या पटावर भयाला जागा दिली नाही, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

१६७३ च्या सुमारास वृद्ध कर्मापा मध्य तिबेटात परतले. ज्यांच्या पक्षाच्या विजयाने त्यांचे सर्वस्व गेले होते, त्या पाचव्या दलाई लामांची त्यांनी ल्हासा येथे भेट घेतली. १६७४ मध्ये त्यांनी देह ठेवला. पुढे अठराव्या शतकात सितु पंछेन या आचार्यांनी छावणीची शैली पुन्हा बहरास आणली. २०१२ मध्ये न्यूयॉर्क येथे दहाव्या कर्मापांच्या कलेचे स्वतंत्र प्रदर्शन भरले आणि हा एकांतप्रिय चित्रकार जगाच्या दृष्टीस आला.

आपल्या अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हाती कमळ धरलेला अवलोकितेश्वर शतकानुशतके खाली दृष्टी लावून उभा आहे. सतराव्या लेण्याच्या ओसरीत भवचक्र रंगविलेले आहे. तेच भवचक्र तिबेटी मठांच्या दारांशी आजही भेटते. भिंतीवरची ती करुणा कापडावर उतरली आणि पर्वत ओलांडून गेली. भिंत जागेवरून हलत नाही; पट मात्र गुंडाळून खांद्यावर घेता येतो. घर आणि मठ गमावून बसलेल्या माणसालाही तो सोबत करतो. दहाव्या कर्मापांजवळ अखेर एवढेच उरले होते, आणि त्यांनी त्यातून द्वेष नव्हे तर प्रेमच रंगविले. आजच्या पौर्णिमेच्या प्रकाशात त्या करुणेस आमचे विनम्र वंदन.